टोमॅटोवरचा जिवाणू डीएनएवरून कसा ओळखतात?

सकाळी तरतरीत असलेलं टोमॅटोचं झाड दुपारी मान टाकतं. संध्याकाळी जरा सावरतं आणि दोन-तीन दिवसांत कायमचं बसतं. पानं अजून हिरवी, जमिनीत ओल पुरेशी, तरी झाड गेलेलं. याला सरसकट 'मर' म्हणून मोकळं होता येतं. पण ही मर राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूमुळे आलेली असू शकते, क्लॅव्हिबॅक्टर या दुसऱ्याच जिवाणूमुळे असू शकते, फ्युजारियम किंवा व्हर्टिसिलियम या बुरशींमुळे असू शकते. सूत्रकृमींनी मुळांवर गाठी केल्या असतील, किंवा नुसतं पाणी साचून मुळं गुदमरली असतील. झाडाला आजार दाखवायचे मार्ग मोजकेच: कोमेजणं, पिवळं पडणं, ठिपके येणं, कुजणं. कारणं मात्र डझनावारी.

पानांवरच्या ठिपक्यांचंही तेच. झँथोमोनास गटातल्या जिवाणूंमुळे येणारे ठिपके आणि स्यूडोमोनास सिरिंगीच्या टोमॅटोवर जगणाऱ्या प्रकारामुळे येणारे बारीक काळे ठिपके सुरुवातीला इतके सारखे दिसतात की मुरलेली माणसंही फसतात. फळ धरल्यावर फरक पडतो. स्यूडोमोनासचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, काळे आणि वरवरचे. झँथोमोनासचे मोठे, उंचवटलेले, हाताला खरखरीत लागणारे. पहिल्याला थंड, दमट हवा मानवते, दुसऱ्याला उबदार. पण फळ धरेपर्यंत थांबलं तर ओळख पटून उपयोग काय?

आणि ओळख चुकली की उपायही चुकतो. राल्स्टोनिया झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये बसलेला असतो. बुरशीनाशकाच्या कितीही फवारण्या केल्या तरी त्याला ढिम्म फरक पडत नाही. तो जमिनीत टिकतो, त्यामुळे पुढच्या हंगामात काय लावायचं हा प्रश्न उभा राहतो. क्लॅव्हिबॅक्टर मुख्यतः बियाण्यातून येतो आणि छाटणीच्या कात्रीवरून, बगलफुटी खुडणाऱ्या हातांवरून पुढे सरकतो. तिथे लक्ष बियाण्यावर आणि अवजारांवर द्यायला हवं. फ्युजारियम असेल तर त्याला प्रतिकारक वाणांचा रस्ता खुला असतो. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे निर्णय, आणि शेतात दिसणारं झाड मात्र एकसारखंच कोमेजलेलं.

डीएनए तपासणीकडे जाण्याआधी एक जुनी, फुकटातली आणि अजूनही उत्तम अशी चाचणी सांगायलाच हवी. नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचं जमिनीलगतचं खोड धारदार सुरीने कापायचं. बोटभर लांबीचा तुकडा स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात असा टांगायचा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल. ग्लास हलवायचा नाही. राल्स्टोनिया असेल तर काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधट धागे सरळ खाली उतरायला लागतात. तो असतो लाखो जिवाणूंचा चिकट स्राव. फ्युजारियममध्ये असे धागे दिसत नाहीत. बुरशी की जिवाणू, एवढा निकाल या ग्लासात लागतो. क्लॅव्हिबॅक्टरचा स्राव मात्र अनेकदा एवढा ठळक नसतो, त्यामुळे धागे दिसले नाहीत म्हणून जिवाणू नाहीच असं म्हणता येत नाही. आणि दिसले तरी नळ्यांमध्ये जिवाणू आहेत एवढंच कळतं. कोणते, ते नाही.

प्रयोगशाळेत पुढची पायरी म्हणजे तो जिवाणू ताटलीत वाढवणं. राल्स्टोनियासाठी टेट्राझोलियम हे रंगद्रव्य घातलेलं एक माध्यम १९५४ पासून वापरात आहे. त्यावर रोगकारक राल्स्टोनियाच्या वसाहती पातळ, पांढरट आणि मध्ये गुलाबी दिसतात. सरावलेल्या नजरेला हे पुरेसं बोलकं असतं. पण वसाहती उगवायला दोन-तीन दिवस लागतात, क्लॅव्हिबॅक्टरसारखे संथ जिवाणू त्याहून जास्त वेळ घेतात, आणि तोवर कुजलेल्या खोडातले भराभर वाढणारे भलतेच जिवाणू सगळी ताटली व्यापून टाकतात. काही जिवाणू तर ताटलीत वाढतच नाहीत. न्यूझीलंडमधल्या हरितगृहांतल्या टोमॅटो आणि ढोबळ्या मिरचीवर २००८ मध्ये नोंदवला गेलेला लिबेरिबॅक्टर हा सायला नावाच्या किडीमार्फत पसरतो. त्याची शुद्ध वसाहत हाती नाही. त्याची ओळख पटली ती डीएनएवरूनच. फायटोप्लाझ्मा या पेशीभिंत नसलेल्या जिवाणूंचीही हीच गत.

पीसीआर नेमकं काय करते

रोगट खोडाचा तुकडा वाटून त्यातला डीएनए काढला की हाती येतो तो सगळा काला. त्यात सर्वांत जास्त असतो टोमॅटोचाच डीएनए. टोमॅटोच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे ९० कोटी अक्षरं आहेत, राल्स्टोनियाच्या जीनोममध्ये सुमारे ५८ लाख. अक्षरं म्हणजे ए, टी, जी आणि सी ही चार रसायनं; त्यांच्या क्रमातच सगळी माहिती साठवलेली असते. शिवाय खोडात वस्तीला असलेले निरुपद्रवी जिवाणू आणि पृष्ठभागावरच्या बुरशी यांचाही डीएनए त्यात आलाच. एवढ्या गर्दीत राल्स्टोनिया आहे की नाही हे पाहायला त्याचा अख्खा जीनोम वाचावा लागत नाही. फक्त त्याच्याकडेच असलेला एखादा लहानसा तुकडा शोधला तरी काम भागतं.

हा शोध घेणारी पीसीआर ही पद्धत कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिचा जीव प्रायमरमध्ये असतो. प्रायमर म्हणजे साधारण २० अक्षरांचा, मुद्दाम बनवून घेतलेला डीएनएचा छोटा धागा. हवा असलेला तुकडा जिथे सुरू होतो तिथे जुळणारा एक आणि जिथे संपतो तिथे जुळणारा दुसरा, अशी जोडी घेतात. नळीतलं मिश्रण ९५ अंश सेल्सिअसला तापवलं की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. तापमान ५५ ते ६० अंशांवर आणलं की प्रायमर आपापली जागा शोधून चिकटतात. ७२ अंशांना डीएनए बनवणारं विकर तिथून पुढे जुळणारं एकेक अक्षर लावत नवा पदर तयार करतं. हे विकर एवढ्या उष्णतेत टिकतं, कारण ते मुळात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं आहे. एका फेरीत तुकडा दुप्पट होतो. सगळं काही नीट जमलं तर ३० फेऱ्यांनी एकाचे १०० कोटींहून जास्त झालेले असतात.

प्रायमर कुठेच जुळले नाहीत तर काहीच वाढत नाही. माझ्या मते पीसीआरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. राल्स्टोनियाचे प्रायमर घातले आणि झाडात क्लॅव्हिबॅक्टर असला तर उत्तर 'नाही' येईल. ते उत्तर खरंच असेल, आणि तरीही त्याचा काहीही उपयोग नसेल. लक्षणं पाहून, ग्लासातले धागे पाहून प्रश्न नीट ठरवावा लागतो. यंत्र तो ठरवून देत नाही.

जेलवरचे दोन पट्टे

राल्स्टोनियाच्या बाबतीत प्रश्न किती बारीक विचारता येतो ते एका प्रत्यक्ष चाचणीत पाहू. २००५ मध्ये मार्क फेगन आणि फिलिप प्रायर यांनी या जिवाणूची चार वंशगटांत विभागणी मांडली: पहिला मूळचा आशियातला, दुसरा अमेरिका खंडातला, तिसरा आफ्रिकेतला, चौथा इंडोनेशियाच्या परिसरातला. चारही गट एकाच नळीत ओळखता यावेत म्हणून बऱ्याच प्रायमरांची एकत्र चाचणी केली जाते. त्यातली एक जोडी चारही गटांना लागू पडते आणि २८० अक्षरांचा तुकडा तयार करते. बाकीचे प्रायमर गटागटाचे आहेत: पहिल्या गटाचा तुकडा १४४ अक्षरांचा, दुसऱ्याचा ३७२, तिसऱ्याचा ९१ आणि चौथ्याचा २१३.

हे तुकडे जेलच्या पातळ वडीत एका टोकाला भरून वीज सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्यामुळे तो धन टोकाकडे निघतो; लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. रंगद्रव्य घालून दिव्याखाली धरलं की पट्टे चमकतात. शेजारच्या रांगेत माहीत असलेल्या लांबीचे तुकडे मोजपट्टी म्हणून सोडलेले असतातच. नमुन्याच्या रांगेत २८० पाशी एक आणि १४४ पाशी एक असे दोन पट्टे दिसले, तर झाडात राल्स्टोनिया आहे आणि तो पहिल्या गटातला आहे. फक्त १४४ पाशी पट्टा दिसला आणि २८० चा गायब असेल तर कुठेतरी गफलत झाली आहे. चाचणी पुन्हा करायची. दोन पट्टे मागण्याचं हेच शहाणपण. एक पट्टा दुसऱ्याची साक्ष तपासतो.

त्याही खाली उतरायचं असेल तर सेल्युलोज तोडणाऱ्या विकराच्या जनुकातला सुमारे ७५० अक्षरांचा भाग वाचून उपगट ठरवतात. हा नुसता अभ्यासकांचा छंद नाही. दुसऱ्या वंशगटातला एक उपगट थंड हवेतही बटाटा आणि टोमॅटोवर जोर धरतो. अमेरिकेत तो अत्यंत कडक निर्बंधांच्या यादीत आहे. २०२० मध्ये ग्वाटेमालाहून आलेल्या जिरेनियमच्या रोपांमध्ये तो मिशिगनच्या एका हरितगृहात सापडला, आणि मग त्या रोपांचा माग काढत अनेक राज्यांतल्या हरितगृहांमधून रोपं नष्ट करावी लागली. नुसतं 'राल्स्टोनिया आहे' एवढ्या उत्तरावर असा निर्णय घेता येत नाही, कारण त्याचे दुसरे उपगट तिथे आधीपासूनच आहेत. कलमी रोपांसाठी खुंट निवडतानाही हेच कामी येतं: हवाई ७९९६ ही टोमॅटोची प्रतिकारक म्हणून जगभर वापरली गेलेली जात सगळ्या वाणांच्या राल्स्टोनियापुढे सारखी टिकत नाही.

याच जिवाणूच्या नावाचा प्रवासही गमतीचा आहे. १८९६ मध्ये एर्विन स्मिथ यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तो बॅसिलस होता. पुढे स्यूडोमोनास झाला, १९९२ मध्ये बर्कहोल्डेरिया, १९९५ मध्ये राल्स्टोनिया. त्यातही कोणत्या पिकावर जातो त्यावरून 'रेस' आणि कोणत्या शर्करा पचवतो त्यावरून 'बायोव्हार' अशा दोन वेगळ्या वर्गवाऱ्या चालू होत्या, आणि त्या एकमेकींशी धड जुळत नव्हत्या. २०१४ मध्ये जीनोमची तुलना करून त्याचे तीन स्वतंत्र जिवाणू मानले गेले: पहिला आणि तिसरा वंशगट मिळून राल्स्टोनिया स्यूडोसोलानासिॲरम, दुसरा तेवढा राल्स्टोनिया सोलानासिॲरम, चौथा राल्स्टोनिया सिझिगी. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं नाव आणि आजच्या अहवालातलं नाव वेगळं दिसलं तर अहवाल चुकला असं समजू नये.

आडनाव कळलं, माणूस नाही

कोणता प्रश्न विचारायचा हेच माहीत नसेल तर? म्हणजे ताटलीत एक पिवळी वसाहत उगवली आहे आणि ती कोणाची, याचा काही अंदाज नाही. अशा वेळी १६एस नावाचं जनुक वाचतात. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक भाग या जनुकावरून तयार होतो, त्यामुळे ते प्रत्येक जिवाणूत असतंच. त्याची लांबी सुमारे १,५०० अक्षरं. काही भाग सगळ्या जिवाणूंत जवळजवळ सारखे, त्यामुळे एकच प्रायमर जोडी बहुतेकांना चालते. मधले भाग गटागटाने बदलणारे, त्यामुळे गट ओळखता येतो. कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे आर्किया हा सजीवांचा नवा गटच वेगळा काढला होता.

पण १६एस म्हणजे आडनाव. त्यावरून घराणं कळतं, दारात कोण उभं आहे ते कळत नाही. झँथोमोनासच्या बाबतीत हे फार जाणवतं. डाळिंबावरचा तेल्या ज्याच्यामुळे येतो तोही याच घराण्यातला, आणि या घराण्यातल्या कित्येकांची १६एस जनुकं जवळपास अक्षरशः सारखी आहेत. म्हणून मग जरा वेगाने बदलणारी जनुकं वाचतात. डीएनएचे पीळ सोडवणाऱ्या विकराचं गायरबी आणि जनुकांचं वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनाचं आरपीओडी ही नेहमीची. अशी चार-सहा जनुकं एकत्र पाहिली की घराण्यातली भावंडं वेगळी ओळखू येतात.

टोमॅटोवर ठिपके आणणारा झँथोमोनास पूर्वी एकच समजला जायचा. २००४ मध्ये त्याचे चार जिवाणू वेगळे काढले गेले: युव्हेसिकॅटोरिया, व्हेसिकॅटोरिया, परफोरन्स आणि गार्डनेरी. पुढे पूर्ण जीनोम वाचणं सोपं झालं, तेव्हा यांतले युव्हेसिकॅटोरिया आणि परफोरन्स इतके जवळचे निघाले की त्यांना पुन्हा एकाच प्रजातीत घातलं गेलं, आणि गार्डनेरीची रवानगी हॉर्टोरम या दुसऱ्याच प्रजातीत झाली. जीनोमच्या तुलनेत सर्वसाधारण हिशेब असा आहे: दोन जिवाणूंच्या जुळणाऱ्या भागांतली सरासरी ९५ टक्के किंवा त्याहून जास्त अक्षरं सारखी असतील तर प्रजाती एक.

शेतकऱ्याला याचं काय, असं कोणी म्हणेल. याचं उत्तर फ्लोरिडात मिळतं. तिथे १९९१ पर्यंत टोमॅटोच्या ठिपक्यांमागे युव्हेसिकॅटोरियाच असायचा. त्या वर्षी परफोरन्स पहिल्यांदा सापडला, आणि पुढे त्याने आधीच्याला जवळजवळ हुसकावून लावलं. तो स्वतःच अशी प्रथिनं सोडतो की ज्यांनी युव्हेसिकॅटोरिया मरतो. शेतात उभं राहून पाहणाऱ्याला ठिपके तेच दिसत होते. जिवाणू बदलला होता. पुढे परफोरन्समध्येही एक बदल आला. टोमॅटोचं एक प्रतिकारक जनुक या जिवाणूचं ठरावीक प्रथिन ओळखून बचाव सुरू करतं. ते प्रथिन बनवणारं एव्हीआरएक्सव्ही३ हे जनुक जिवाणूच्या नव्या पिढ्यांमध्ये बिघडलेलं निघालं. प्रथिनच नाही, तर टोमॅटोने ओळखायचं काय? एका जनुकाच्या बिघाडाने जिवाणूची 'टी३' ही जात 'टी४' झाली आणि ते प्रतिकारक जनुक निकामी ठरलं. अशा जिवाणूची प्रजाती विचारली तर उत्तर जुनंच येतं. विचारायचं असतं ते त्या एका जनुकाबद्दल.

तांब्याच्या औषधांचंही तसंच आहे. झँथोमोनासच्या अनेक वाणांमध्ये तांबं सहन करण्याची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या लहान डीएनए कड्यांवर असतात, आणि ती कडी एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. ही जनुकं पीसीआरने थेट शोधता येतात. फवारणीवर फवारणी करूनही ठिपके वाढतच असतील, तर प्रजातीचं नाव कळण्यापेक्षा हे कळणं जास्त मोलाचं, असं मला वाटतं. प्रत्यक्षात अहवालात नाव येतं आणि हा तपशील क्वचित मागितला जातो.

क्लॅव्हिबॅक्टरचा घोळ

बियाण्याच्या व्यापारात सगळ्यात जास्त डोकेदुखी हाच जिवाणू देतो. पानांच्या कडा करपणं, झाडाची एकच बाजू कोमेजणं, खोड चिरून त्याला खैऱ्यासारखे व्रण पडणं आणि फळावर पांढऱ्या वलयात तपकिरी ठिपका, ही त्याची लक्षणं. पण बी बाहेरून अगदी निरोगी दिसतं, आणि एखाद्या बाधित बीपासून आलेल्या रोपातून रोपवाटिकेत बघता बघता प्रसार होतो.

याची जनुकीय ओळख दोन ठिकाणी अडते. पहिली अडचण म्हणजे तोतये. टोमॅटोच्या बियांवर क्लॅव्हिबॅक्टरचे असेही प्रकार आढळले आहेत जे रोग करत नाहीत, पण जुन्या काही चाचण्यांना ते रोगकारकासारखेच दिसतात. निर्दोष बियाण्याचा लॉट त्यामुळे नाकारला जाऊ शकतो. मग वाटतं, रोग करणारं जनुकच शोधावं. रोग घडवण्यातली महत्त्वाची दोन जनुकं, सेलए आणि पॅट-१, दोन प्लाझ्मिडांवर असतात. प्रयोगशाळेत ही प्लाझ्मिडं काढून टाकलेला जिवाणू टोमॅटोत राहतो, वाढतो, पण झाड कोमेजत नाही. युक्ती चांगली आहे, पण पॅट-१ नसलेले आणि तरीही रोग करणारे वाण निसर्गात सापडले आहेत. नुसत्या त्या जनुकावर भिस्त ठेवली तर ते सुटतात. म्हणून आता गुणसूत्रावरचं एक लक्ष्य आणि दुसरं वेगळं लक्ष्य अशा जोडीने तपासण्याकडे कल आहे.

दुसरी अडचण मेलेल्या जिवाणूंची. टोमॅटोचं बी ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवण्याची प्रक्रिया प्रसिद्ध आहे. तिने जिवाणू मरतात, पण त्यांचा डीएनए बियांवर तसाच राहतो. पीसीआरला जिवंत आणि मेलेला हा भेद कळत नाही. तिला अक्षरं जुळली की पुरे. यावर एक रासायनिक तोड आहे. पीएमए नावाचं रंगद्रव्य फाटलेल्या पेशींमध्येच शिरतं आणि प्रखर उजेडात तिथल्या डीएनएला असं जखडतं की तो पुढे पीसीआरमध्ये वाढत नाही. शाबूत पेशींत त्याला शिरकाव नसतो. उरलेला निकाल जिवंत जिवाणूंचा. हे दर वेळी शंभर टक्के जमतंच असं नाही, त्यामुळे शंका असेल तिथे ताटलीत वाढवून पाहण्याला आजही पर्याय नाही.

यंत्रांचं थोडक्यात

जेलऐवजी आता बहुतेक ठिकाणी रिअल-टाइम पीसीआर वापरतात. तिच्यात प्रत्येक फेरीत नळीची चमक मोजली जाते आणि चमक ठरलेली रेघ कितव्या फेरीत ओलांडते तो आकडा, म्हणजे सीटी, नोंदवतात. आकडा जितका लहान तितका जिवाणू जास्त. सीटी २० आणि सीटी ३० यांत दहा फेऱ्यांचा फरक, आणि दर फेरीला दुप्पट म्हटलं तर जिवाणूंच्या संख्येत सुमारे हजारपटीचा.

शेताच्या बांधावर नेता येईल अशी पद्धत म्हणजे लॅम्प. २००० साली जपानी संशोधकांनी ती मांडली. हिला तापमान वरखाली करणारं यंत्र लागत नाही. ६० ते ६५ अंशांवर तासाभराच्या आत काम होतं आणि निकाल नळीतल्या रंगावरून कळतो. ती इतकी संवेदनशील आहे की वापरलेली नळी एकदा उघडली तर हवेत उडालेल्या प्रतिकृतींमुळे पुढचे सगळे नमुने 'आहे' म्हणून येऊ शकतात. नळी उघडायची नाही, हा नियम तिथे फार कडक पाळावा लागतो.

मुठीत मावणारी नॅनोपोअर वाचनयंत्रं वेगळ्या वाटेने जातात. ती प्रश्न न विचारता नमुन्यातला सगळाच डीएनए वाचत सुटतात. आधी अंदाज बांधायला नको, ही मोठी सोय. पण कुजक्या खोडात पेक्टोबॅक्टेरियमसारखे सडवणारे जिवाणू नंतर घुसून बेसुमार वाढलेले असतात, आणि वाचलेल्या डीएनएत सगळ्यात जास्त तेच दिसतात. जास्त डीएनए ज्याचा, रोगही त्याचा, असा हिशेब मांडला की फसगत ठरलेली.

मुळात डीएनए सापडणं म्हणजे जिवाणू हजर असणं. रोग त्यानेच केला हे सिद्ध करायला रॉबर्ट कॉख यांच्या काळापासूनचीच रीत आहे: तो जिवाणू वेगळा काढायचा, निरोगी टोमॅटोच्या रोपात घालायचा, तीच लक्षणं येतात का पाहायचं, आणि त्या रोपातून तोच जिवाणू पुन्हा मिळवायचा. ओळखीच्या रोगासाठी दर वेळी एवढं कोणी करत नाही. रोग नवा असेल, किंवा लक्षणं आणि पीसीआर यांचा मेळ बसत नसेल, तर करावंच लागतं.

नमुना आणि अहवाल

चाचणी कितीही चांगली असली तरी वाळून खडंग झालेलं झाड पाठवलं तर हाती काही लागत नाही. त्यात उरलेले असतात ते नंतर आलेले सडवे. नुकतंच कोमेजायला लागलेलं झाड निवडावं आणि खोडाचा खालचा भाग घ्यावा. पानांवर ठिपके असतील तर ताजे, लहान ठिपके असलेली पानं घ्यावीत, कारण जिवाणू ठिपक्याच्या कडेला, रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवर जास्त असतात. कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत घालायचं, मुळांची माती पानांना लागू द्यायची नाही, उन्हात ठेवायचं नाही, गोठवायचंही नाही. आणि सोबत लिहून द्यायचं: रोग कधी दिसला, एकेक झाड जातंय की रांगच्या रांग, बियाणं कोणत्या लॉटचं, काय फवारलं. प्रयोगशाळेतला माणूस प्रश्न ठरवतो तो या चिठ्ठीवरून.

अहवाल हातात आला की नियंत्रण नमुन्यांची ओळ आधी पाहावी. जिवाणूचा खरा डीएनए घातलेल्या नळीत 'आहे' आणि नुसतं पाणी घातलेल्या नळीत 'नाही' असंच यायला हवं. पाण्याच्या नळीतही 'आहे' आलं असेल तर कुठेतरी भेसळ झाली आहे, आणि सगळ्या अहवालाचं मोल शून्य. तिसरं नियंत्रण अनेकांच्या लक्षात येत नाही: टोमॅटोचंच एखादं जनुक. टोमॅटोच्या खोडातली फिनॉलं आणि चिकट शर्करा, मुळांवरच्या मातीतली ह्युमिक आम्लं ही पीसीआरच्या विकराला गारद करतात. अशा नमुन्यात जिवाणू असूनही 'नाही' येतं. पण टोमॅटोच्या खोडातून काढलेल्या डीएनएत टोमॅटोचं जनुकही सापडत नसेल तर 'नाही' हे उत्तर नसून चाचणी बंद पडली आहे. उपायही साधाच असतो: डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा.

बियाण्याच्या अहवालात 'आढळला नाही' असं लिहिलेलं असतं तेव्हा किती बियांत आढळला नाही ते विचारावं. क्लॅव्हिबॅक्टरसाठी सहसा किमान १०,००० बियांचा नमुना घेतात. समजा लॉटमध्ये १०,००० मागे एकच बी बाधित आहे. मग १०,००० बियांच्या नमुन्यात ती एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के. म्हणजे चाचणी शंभर नंबरी असली तरी अशा तीनांपैकी एक लॉट 'आढळला नाही' म्हणून सुटेल. ही शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची तर ३०,००० बिया लागतात. आणि एका वेळी लाखभर रोपं धरणाऱ्या रोपवाटिकेत १०,००० मागे एक म्हणजे दहा बाधित रोपं होतात, तीही एकाच फवाऱ्याखाली, पानाला पान लागून वाढणारी.